चिंगी जास्तीचं बोलली

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण लिहायचं धाडस होत नव्हतं. कारण माझं कामच मुळी उलटं! अंगारे-धुपारे करत बसू नका, साप चावला तर आधी दवाखाना गाठा, हे मी बाहुल्यांच्या खेळातून गावोगाव सांगायचे. भूतबीत काही नसतं, हे माझ्याच स्क्रिप्टमध्ये तीनदा होतं. तरीही जे झालं ते झालं...

मी डहाणू तालुक्यातल्या वरोरची. हातबाहुल्या स्वतः बनवते. कागदाचा लगदा, डिंक आणि कीड लागू नये म्हणून थोडी मेथीची पूड... याचं डोकं वाळलं की रंगवायचं, लोकरीचे केस चिकटवायचे, खाली झगा शिवायचा. हाताचं पहिलं बोट डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट बाहुलीच्या दोन हातांत. माझी सगळ्यात लाडकी बाहुली म्हणजे चिंगी. दोन वेण्या, पिवळा झगा.

गोष्ट २०१६ ची, भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची. सायवनच्या पुढे आत एका पाड्यावर अंगणवाडीसमोर आमचा खेळ होता. सकाळचे अकरा वाजलेले, लख्ख ऊन. त्या पाड्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले होते. माझा सहकारी हेमंत पडद्यापुढे उभा राहून बाहुल्यांशी बोलायचा आणि मी काळ्या पडद्यामागे, हात वर करून.

खेळात चिंगीच्या पायाला साप चावतो. हेमंत विचारतो, "चिंगे, कुठं चावला गं?" चिंगी म्हणते, "बांधावर, मामा, बांधावर!" हे वाक्य मी शंभरेक वेळा म्हटलं असेल.

त्या दिवशी हेमंतने विचारलं, आणि चिंगीचं डोकं डावीकडे वळलं.

मी वळवलं नव्हतं! एखादं लहान मूल आपलं बोट मुठीत धरतं ना... तसं झग्याच्या आत माझं बोट कुणीतरी धरलं होतं. घट्ट नाही, अगदी हळू. आणि माझ्याच तोंडून शब्द आले —

"आये, कणगीच्या मागं. त्याला तिथं नको निजवू."

बोट सुटलं. समोर एक बाई किंचाळली.

मी पडद्याबाहेर आले. मंगली नावाची तरणी बाई उभी होती, कडेवर तीन-चार महिन्यांचं बाळ. ती चिंगीकडेच बघत होती. अंगणवाडीच्या ताईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, मंगलीची सहा वर्षांची मुलगी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली, मग पापण्या जड झाल्या, बोलता येईना, आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. अंगावर कुठे खूण नाही. मग लोकांनी बोट दाखवलं शेजारच्या राजी आजीकडे. तिनेच काही केलं म्हणून. तेव्हापासून कुणी तिच्या हातचं पाणी घेत नव्हतं. त्या दिवशीही म्हातारी सगळ्यांपासून लांब, चिंचेखाली एकटीच बसली होती.

"आणि हे बाळ?" मी विचारलं.

"पोरगी गेल्यावर झालेलं. पोरीच्या जागेवरच निजवते ती त्याला. कणगीच्या मागं."

मी हेमंतकडे बघितलं.

हेमंत सर्पमित्रांबरोबर फिरलेला. ताईंनी सांगितलेली लक्षणं ऐकून तो मंगलीच्या घराकडे निघाला, मागोमाग सगळा पाडा. भाताची कणगी चौघांनी मिळून सरकवली. कुडाच्या भिंतीच्या पायथ्याशी एक बीळ. हेमंतने काठीने माती उकरली आणि आत वेटोळं घालून पडलेली... मण्यार. काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. त्याने ती बरणीत घेतली.

"हिचा दंश कळतही नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "खूण दिसत नाही. पोटात दुखतं, पापण्या मिटतात. पोरीला हिनंच नेलं असणार. माणसानं काही केलेलं नाही."

मंगली बाळाला घेऊन बाहेर गेली आणि चिंचेखाली राजी आजीसमोर जाऊन बसली. मग मंगली म्हणाली, "आजी, पाणी दे."

म्हातारी उठली. घरातून तांब्या भरून आणला, आणि मंगली ते पाणी प्यायली.

परतताना जीपमध्ये मी हेमंतला विचारलं, "मी काय बोलले, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. आवाज तुमचाच होता, ताई. पण बोली त्यांची होती. तुम्हाला कुठं येते ती?"

येत नाही. आजही येत नाही. आमच्या किनाऱ्याकडची बोली वेगळी.

महिन्याभराने मंगली विचारत विचारत वरोरला माझ्या घरी आली. बाळ पाठीला बांधलेलं. दारातच म्हणाली, "बाई, तिला पुन्हा बोलवा. एकदाच."

मी काय करणार? चिंगी काढली, हातात घातली. आत फक्त माझीच बोटं. वाट बघितली... काही नाही. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी चिंगीच्या आवाजात म्हणाले, "आये, मी बरी आहे."

मंगलीने ऐकलं. चिंगीच्या वेण्यांवरून एकदा हात फिरवला.

"ही नाही," म्हणाली आणि उठली.

त्या खोटेपणाची लाज मला अजून वाटते. कुणी म्हणतं, मी तो किस्सा कुठेतरी ऐकला असेल आणि तो मनात राहिला असेल. असेल. पण मग माझं बोट कुणी धरलं होतं?