शेवटचं पान

तरुणपणी मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची आणि स्वतःला फार हुशार समजायची. मला पाहायला आले तेव्हाही मी मुलाकडे न बघता त्याच्या वडिलांचं टक्कल बघून ठेवलं. शेवट बरोबर निघाला.

परवा बीरगांवच्या बसमध्ये शेजारी तिशीचा एक माणूस बसला. मांडीवर जाड कादंबरी होती, वाफेवर उडणाऱ्या जहाजांची, आणि एकाच नकाशासाठी भांडणाऱ्या दोन कप्तानांची, एक ती आणि एक तो. पान उलटण्याआधी तो काजळीचं बोट रुमालाला पुसायचा. समासात पेन्सिलीचे शेरे होते.

"कोणाचे रे हे?"

"दुसऱ्या शिफ्टवाल्या मॅडमचे. सिलतऱ्याले कारखान्यात आम्ही एकच बॉयलर पाहतो. ड्यूटी बदलताना रोज झगडा होते. एक दिवस तिनं हे पुस्तकच हातात देलं."

शेवटची दहा पानं उरली होती, आणि आठवडाभर तो पुढं न जाता मागचीच पानं पुन्हा उलटत होता, असं म्हणाला.

"वाचून काहून नाही राहिला?"

"संपलं की वापस द्या लागंल, आजी. मग बोलू काय तिच्याशी? वाफ हळूच चढू द्या लागते."

पुस्तक सीटवर ठेवून तो तिकीट काढायला वळला आणि माझी जुनी खोड जागी झाली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथवर पोचलास तर उद्या भांडायला लवकर ये. चहा मी आणते.'

मी पुस्तक मिटलं. शेवट माहीत असून जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. उतरताना एवढंच म्हटलं, "पोट्ट्या, बॉयलर थंडही पडते. आजच वाच."