नाव आल्याशिवाय बेट सोडायचं नाही

बेलापूरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या कोरड्या पात्रात आमचा समुद्र होता आणि तो ओलांडायला तीन वाटा होत्या. गोट्यांची वाट बिनधोक, पण लांबची. वाळूची वाट जवळची, पण तिच्यात मध्येच गिळणारी वाळू होती; तिथे थांबायचं नाही, पळत सुटायचं. तिसरी कातळावरून जायची. तिथे चाचे राहत, म्हणून ती तोंडातून आवाज न काढता पार करायची. हे सगळं मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशाने काढलं होतं. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. तो घाटापलीकडे असतो आणि खारट असतो, एवढं भूगोलाच्या पुस्तकात होतं. बाकीचं आम्ही घातलं.

दुष्काळाची वर्षं होती. शाळा सकाळची, नदी मोकळी. मी अकरा वर्षांची, चुलत बहीण माझ्याहून वर्षाने मोठी आणि माझी धाकटी बहीण सहाची. धाकटीला खेळातलं भय फारसं वाटत नसे, पण नियम ती देवाच्या शपथेसारखे पाळायची. वाट चुकणाऱ्याने बेटावर जायचं. बेट म्हणजे पात्राच्या मधला, म्हशीच्या पाठीसारखा काळा खडक. नाव येईपर्यंत तिथून पाय खाली ठेवला की मेलं. नाव म्हणजे दोघींनी एकमेकींची मनगटं धरून केलेली बैठक. हा नियम माझाच.

एका सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गावात दवंडी झाली. धरणाचं पाणी सुटलंय, नदीतली पाणी उपसायची इंजिनं काढून घ्या. सकाळी आईने हिशेब केला. "मागच्या पान्याला तिसरा दिवस लागला. निम्मं वाळूच पिती. जा, पर दुपारच्याला घरी या." आईचे असे हिशेब सहसा चुकत नसत.

त्या दिवशी धाकटीच्या पायात काटा गेला आणि ती गिळणाऱ्या वाळूतच थांबली.

"बुडाली, बुडाली!" चुलत बहीण ओरडली. "चल, बेटावर!"

"काटा मोडला ना माझा!"

"समुद्राला काय त्याचं?"

धाकटी तोंड फुगवून खडकावर चढून बसली. आम्ही दोघी नाव आणायला म्हणून निघालो आणि काठावरच्या बाभळीखाली फुटाणे खात बसलो. तिला थोडी ताटकळत ठेवायची, एवढंच मनात होतं.

पाणी आलं ते आवाज न करता. वरच्या अंगाने एक मातकट जीभ वाळूवरून सरकत आली, तिच्या टोकाला फेस, पाचोळा आणि लेंड्या. मी बघतच राहिले. एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचं, असं पहिल्यांदा वाटलं. मग पाठीमागून दुसरी आली, तिसरी आली आणि गोट्यांची वाट दिसेनाशी झाली.

"खाली उतर! पळ इकडं!" मी ओरडले.

धाकटी उठून उभी राहिली. "नाव कुठंय?"

"खेळ संपला! पानी आलंय खरंखुरं!"

"तू मागंबी असंच म्हनली हुतीस. मी उतरले आन् तुमी मला मारलं."

हे खरं होतं. मागच्या आठवड्यात मी तिला अशीच फसवून बाद केलं होतं.

खालच्या बाजूला काका पात्रात खणलेल्या खड्ड्यातून इंजिनचा पाइप ओढत होते. चुलत बहीण त्यांच्याकडे धावली, मी पाण्यात शिरले. मी खडकाजवळ पोचेपर्यंत पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. काका धोतर खोचून आले. त्यांनी हात लांब केला तशी धाकटी दोन पावलं मागे सरली. मागे खडक संपत होता आणि त्याच्या पायथ्याशी डोह होता. एरवी कोरडा, आता भरत चाललेला.

"ये गं बाय, ये माज्याकडं."

"तुमी खेळात न्हाई."

"काय म्हनती ही?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन ठेवून देऊ का कानाखाली?"

"काका, पुढं सरू नका, ती पडंल. मनगट धरा माझं."

"आं?"

"असं. आन् मी तुमचं धरते. दुसरा हातबी. वाकून उभे राहा."

पाणी माझ्या मांडीला आलं होतं. काकांनी वाकून मनगटं धरली. आम्ही खडकाला टेकून उभे राहिलो.

"नाव आली," मी म्हणाले.

धाकटीने नीट पाहिलं. "दोघी लागतात."

"काका आता खेळात हायेत."

"व्हय का वो?"

"व्हय, व्हय, हाय मी खेळात. बस लवकर, माजे आई!"

ती सावकाश उतरली, आमच्या हातांवर बसली आणि तिने आमच्या गळ्यांत हात टाकले. कातळाची वाट तेवढी पाण्याबाहेर होती. आम्ही तिच्यावरून आडवे चालत काठाला आलो. काकांची एक चप्पल वाहून गेली. आवाज कुणीच काढला नाही.

आई धावत आली, तेव्हा धाकटी उरलेले फुटाणे खात होती. आईने तिला चाचपलं, मला एक धपाटा घातला. मग काठाशी बसून, अजून पाणी न चढलेल्या वाळूत कोपरापर्यंत हात घातला. मूठ बाहेर काढून उघडली. वाळू वरून कोरडी होती, आतून गच्च ओली.

"मागचंच पानी जिरलेलं हाय," ती काकांना म्हणाली. "ही काय पिनार? माझं चुकलं."

त्यानंतर दवंडी झाली की ती आधी नदीवर जाऊन वाळूत हात घाली आणि मगच आम्हाला सोडी.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी नकाशावर एक नियम वाढवला: आक्काने, म्हणजे मी, धाकटीचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली की खेळ तिथेच बंद, बेटावरसुद्धा. खाली दुसरा लिहिला: आक्काने ही हाक खोटी मारायची नाही.

धाकटीने दोन्ही नियम बोट फिरवून वाचले. दुसऱ्याखाली माझ्याकडून कोळशाने सही करून घेतली.