नुसतं बोटीत बसायला

दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि मी नगरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची सगळी बंदरं मला तोंडपाठ. समुद्र मात्र मी पाहिलेला नव्हता. उन्हाळ्यात आमच्या सीना नदीत वाळूच दिसायची. समुद्र न पाहिलेल्या बाईनं तो शिकवायचा आणि पोरींनी माना डोलवायच्या, याचा मला संताप येई.

शाळेतली शिवणाची बाई वेंगुर्ल्याची होती. मे महिन्याच्या सुट्टीत ती रेल्वेनं मुंबईला आणि तिथून आगबोटीनं घरी जायची. मी तिला खोदखोदून विचारलं. रत्नागिरीला उतरलं तर प्रवास लवकर संपतो म्हणे. म्हणजे रत्नागिरी बाद. वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, तिला तिथं उतरू द्यायचं आणि आपण त्याच बोटीनं माघारी यायचं, असं मी ठरवलं. "अगं, मग येतेस कशाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बोटीत बसायला."

घरी हे सांगितलं तेव्हा दादाचा घास हातातच राहिला. दादा माझा थोरला भाऊ, कोर्टात नोकरीला. लग्नानंतर वर्षभरातच मी विधवा होऊन परत आले, तेव्हापासून माझं काय करायचं हे तोच ठरवायचा. आमच्या घरातून बाई बाहेर पडे ती लग्नाला, बाळंतपणाला, नाहीतर देवाला. मजेसाठी विधवा निघाली तर लोक तोंडात शेण घालतील, असं तो म्हणाला. आई, तीही विधवाच, तांबड्या आलवणाचा पदर सावरत ऐकत होती.

सरळ नाही म्हणायचं दादाच्या जिवावर आलं असावं. त्यानं पंचांग काढलं आणि जाहीर केलं, "वैशाखभर तुला एकही दिवस चांगला नाही." पुढे पावसाळ्यात बोटी बंद होतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पंचांग मलाही वाचता येत होतं. चैत्र सरायच्या आत एक चांगला दिवस होता.

दादाला पुण्याला जायचं असलं आणि दिवस वाईट असला, की तो आधीच्या चांगल्या दिवशी सुपारी, अक्षता आणि एखादा कपडा गाठोड्यात बांधून शेजारी ठेवून येई. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं उंबरा ओलांडून गेलं की माणूस निघाला असं धरायचं, मग खुशाल वाईट दिवशी गाडी पकडावी. फक्त माघार घ्यायची नाही, ती अशुभ.

मी माझं गाठोडं बांधलं आणि आम्हाला दूध घालणाऱ्या शेतकरीणबाईंकडे नेलं.

"ठेवा की बाई. द्येवाम्होरं ठेवते. कुटं निगालाय?"

"बोटीत बसायला."

"आन् मग?"

"मग परत."

त्या खदखदून हसल्या. "लई ब्येस!" म्हणाल्या.

दादाला कळलं तेव्हा तो लालेलाल झाला. "आधी ते गाठोडं परत आण!"

"माघार अशुभ असते म्हणतोस ना?"

"ते कामाला जाणाऱ्यासाठी!"

"पंचांगात तसं कुठं लिहिलंय, दाखव."

आणि खरंच, तो बिचारा चष्मा लावून पंचांग चाळत बसला. मला त्याची दया आली, पण गाठोडं मी आणलं नाही. दुसऱ्या दिवशी तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "निदान वेंगुर्ल्याला उतर आणि एखाद्या देवाला अभिषेक करून ये. म्हणजे लोकांना सांगायला तोंड राहील." मी म्हटलं, खोटं सांगून जायचं असेल तर घरीच बसते, आणि घरी तर मी बसणार नाही.

निघायच्या दिवशी दादा स्टेशनवर आला, आईही हट्टानं आली. शिवणाची बाई डब्यात जागा धरून बसली होती. तेवढ्यात दादाच्या ओळखीचे एक वकील आले आणि ताईंची स्वारी कुणीकडे, म्हणून त्यांनी विचारलं. मी बोलणार एवढ्यात दादा म्हणाला, "कोकणात. देवाला."

"वा! कुठला देव?"

दादाला पटकन देव सुचेना. तेव्हा आई पुढे झाली. परक्या पुरुषासमोर तिला बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"देवाबिवाला नाही हो," ती म्हणाली. "माझी मुलगी मजा करायला चालली आहे."

वकीलसाहेब बघतच राहिले. दादानं मान खाली घातली. गाडी हलली तेव्हा मी खिडकीच्या गजांना धरून सगळ्यांदेखत रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.