गादीखालचं गायरान

बिराजदार अण्णा कुणालाच 'नाही' म्हणत नसत. आलेल्याला बसवत, चहा पाजत, त्याचा कागद घेऊन त्यावरून मायेनं हात फिरवत आणि मग खुर्चीवरची गादी उचलून तो तिच्याखाली सारत. वर स्वतः बसत. झालं, कागद संपला. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली. कचेरी कुठली ते सांगत नाही, माणसं अजून नोकरीत आहेत. "अण्णा फायली उबवतात," असं आम्ही म्हणायचो. कामं तुंबली की अण्णांची उंची वाढायची. शिपाई दारातूनच लोकांना परतवी, "आज अण्णाचं डोस्कं पंख्याला लागायलंय. उद्या या."

"सुदाकर," अण्णा मला शिकवत, "न्हाई म्हनलं की मानूस भांडतो, वरी जातो, कोरटात जातो. गप बसलं की निस्ता दमतो. सरकारात गप बसन्यासारखा पक्का नकार न्हाई."

अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता अण्णांची पंचाईत. पण ते मला प्रत्येक अर्जाची प्रिंट काढायला लावू लागले. "संगणकावर बसता येतं व्हय रे?"

माझाही एक कागद त्या गादीखाली होता. नायगावला आई एकटी होती, आजारी होती, म्हणून मी नांदेड जिल्ह्यात बदली मागितली होती. अर्ज अण्णांच्या हातून पुढे जायचा होता. विचारलं की म्हणत, "जाईल की. तू गेल्यावर मला टायपिंग कोन करून देईल, ते तर बघू दे." अर्ज हलण्याआधी आई गेली. मी अण्णांना काही बोललो नाही. मी कुणालाच फारसं काही बोलत नाही.

मग सौर प्रकल्पांचा हंगाम आला. सरकारला एकाएकी घाई झाली. एक खिडकी काय, झटपट मंजुरी काय! एका गावचं गायरान एका कंपनीनं मागितलं आणि आमच्या कचेरीचा अभिप्राय मागवला गेला. पाठोपाठ त्या गावची सोजरबाई आली.

"आण्णा, मी उजेडाला न्हाई म्हनत न्हाई. पर माझी शेरडं काय काचा चाटून जगतील?"

अण्णांना त्यांच्या आईनं शेरडं राखूनच शिकवलं होतं. ते पहिल्यांदाच चहा पाजायचं विसरले. "जा मावशे, निवांत ऱ्हा. मी हाय. ह्यो कागद हितून हलत न्हाई." आणि कंपनीचा कागद त्यांनी गादीच्या पार तळाशी घातला. उभ्या नोकरीत एवढ्या निष्ठेनं ते कशावरच बसले नसतील.

त्याच सुमारास लातूरला प्रशिक्षण झालं. अण्णांना अशा ठिकाणी झोप लागते म्हणून मला पाठवलं. तिथं नवा नियम सांगितला: मुदतीत अभिप्राय आला नाही, तर कचेरीची हरकत नाही असं धरायचं. म्हणजे कारभाराचा वेग वाढवायला कुणी हलायचीसुद्धा गरज नव्हती. झोपेलाच काम म्हणायचं ठरलं होतं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

परत आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय शिकवलं रे?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

एक ओळ लिहायची होती. 'गायरान चराईत आहे, हरकत आहे.' अण्णांनी ती लिहिली असती. पण ते बसून राहिले आणि मी त्यांना बसू दिलं.

गायरानाला तारेचं कुंपण पडलं तशी सोजरबाई कचेरीत आली. "आण्णा, तुमी तर म्हनला व्हता, मी हाय."

"मी मंजूर केलंच न्हाई!" अण्णांनी तिच्यासमोर गादी उलटवली. कागद तिथंच होता, चपटा, उबदार. ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याच्यावर बसला व्हता व्हय तुमी?" आणि निघून गेली. तिनं शेरडं विकली. आता ती त्याच गायरानात रोजानं काचा पुसते.

पुढच्या महिन्यात आमच्या कचेरीचा सत्कार झाला. एकही सौर प्रस्ताव प्रलंबित नव्हता. शाल आणि नारळ अण्णांना मिळाला. साहेब भाषणात म्हणाले, "अण्णांसारखी गतिमान माणसं हवीत." अण्णा शाल अंगावर घेऊन मान खाली घालून उभे होते. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर गादी दिसली नाही. निवृत्तीपर्यंत ते नुसत्या लाकडावर बसले आणि आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी वाटेला लावू लागले. लोक घाबरले.

निवृत्तीनंतर ते अहमदपूरला राहायला गेले. आजारी आहेत कळल्यावर मी भेटायला गेलो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाले, "सुदाकर, त्या मुदतीचं तुला ठावं व्हतं का रे?"

मी बशीकडे बघत राहिलो.

"गप नको बसू. आता गप बसलं की व्हय धरत्यात."

तरी मी गप्पच बसलो.

"बरं. धरलं," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईचा कागद मीच दाबला व्हता. च्या घे, निवायलाय."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मुदतीनंतर आलेल्या उत्तराची दखल घेतली जात नाही, हेही लातूरच्या त्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. तरी देतो. हो अण्णा, ठाऊक होतं.