मागची घंटी

आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, इथल्या सरकारी नियमाप्रमाणे, जाड लोखंडी दाराचं बॉम्ब शेल्टर आहे. युद्ध येईपर्यंत त्यात सुटकेसेस राहतात. काल तिथला तंबू बाहेर काढला आणि त्यातल्या वाळक्या गवताच्या वासाने हॉलंडमधल्या सायकल-सहलीचा एक दिवस समोर उभा राहिला. सपाट रस्ता, बाजूला काळ्या पाण्याचा कालवा आणि कानांत इतका वारा की मागचं बोलणं ऐकूच येईना. म्हणून बायकोशी ठरलं होतं, मागून तिने घंटी वाजवायची, पुढून मी उत्तर द्यायचं, म्हणजे दोघं सोबत आहोत. दुपारी मागची घंटी चिडल्यासारखी वाजू लागली. मीही प्रेमाने तितक्याच जोरात वाजवत राहिलो. शेवटी एक अनोळखी आजीबाई डोळे वटारत मला मागे टाकून गेल्या. त्या बिचाऱ्या केव्हाच्या वाट मागत होत्या. त्यांच्यामागे रस्ता पार क्षितिजापर्यंत रिकामा होता. मी उलटा फिरलो, कालव्याच्या पाण्यात बघत बघत. बरंच मागे तिची सायकल नीट उभी होती आणि ती काठावर बसली होती. "अगं, पडलीस का? लागलं कुठे?" "नाही रे. थांबले. म्हटलं, बघू तुला कधी कळतंय." "मग?" "ऊन उतरलं," ती म्हणाली आणि सायकलवर बसली. संध्याकाळी एका कुरणात तंबू ठोकून आम्ही खिचडी शिजवली. मीठ बरोबर आहे का, एवढंच तिने विचारलं. हल्ली ती आतल्या खोलीत जरा गप्प झाली, की मी उठून बघायला जातो. ती मान वर न करता म्हणते, "आहे अजून."