पडून हसवणाऱ्या मॅडम

इथे आखातात, अल अझीझिया नावाच्या वस्तीतल्या एका फ्रेंच कुटुंबाकडे मी ड्रायव्हर आहे. मालकिणीची म्हातारी आई आता इथेच राहते. या म्हाताऱ्या मॅडमना गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं काम माझं. आम्ही दोघंही मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो, त्यामुळे आमचं जमतं.

तरुणपणापासून मॅडम पॅरिसच्या नाटकांत विनोदी कामं करायच्या, बहुतेक वेळा मोलकरणीची. हातात ट्रे घेऊन यायचं, धाडकन पडायचं आणि सगळं थिएटर हसवायचं. गुडघे त्यातच गेले. अजूनही गाडीत एखादं वाक्य बोलल्या की जरा थांबतात. लोकांच्या हसण्याला जागा सोडायची ती जुनी सवय. मी दिवसभराच्या उन्हाने शिणलेला असतो, आरशात बघून नुसतं "येस मॅडम" म्हणतो.

एकदा दवाखान्याच्या पायरीवर त्या खरोखरच पडल्या. मी धावलो, वॉचमनही धावला. उठायचं सोडून मॅडमनी मान वर केली आणि आधी आमची तोंडं पाहिली.

"पूर्वी मी पडले की लोक हसायचे," त्या म्हणाल्या. "आता धावतात. खलास."

पुढच्या खेपेला त्या त्याच पायरीशी थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि पाय घसरल्याचं सोंग केलं. झकास केलं. पण मला हसू फुटायच्या आधीच माझा हात पुढे गेला होता.

तो धरून त्या सावकाश पायरी चढल्या.