काशीला न गेलेले सखारामपंत

मी आयुष्यात एकाच माणसाला मारलं, आणि तेही प्रुफं तपासताना.

मयताचं नाव सखारामपंत. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या घराण्यानं कुळवृत्तांत, म्हणजे साऱ्या कुळाची वंशावळ आणि हकिगत, छापायचं ठरवलं. (पुण्यात चार चुलतभाऊ एकत्र बसले की एकतर भांडण निघतं, नाहीतर कुळवृत्तांत. आमच्याकडे दोन्ही निघालं.) मी सरकारी कचेरीत कारकून, म्हणून संपादक मी. कचेरीनं मला एकच गोष्ट पक्की शिकवली होती : रकाना रिकामा ठेवायचा नाही! आणि जुन्या वहीत सखारामपंतांच्या नावापुढे दोनच शब्द होते, 'मुंबईस गेला'.

का गेला? परत का आला नाही? काही नाही. दोन दिवस मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी लिहून टाकलं : 'पुढे विरक्ती येऊन काशीस प्रयाण. तेथेच समाधिस्थ. अविवाहित.'

आमचे थोरले चुलतभाऊ, दादा, प्रूफ वाचून गहिवरले.

"अरे, आपल्या घराण्यात संत होऊन गेले आणि आपल्याला पत्ता नाही!"

"हो ना," मी म्हणालो. (मला तरी कुठे होता?)

"तिथी कुठली रे?"

आला दुसरा रकाना! "वैशाख शुद्ध दशमी," मी ठोकून दिलं. मुलांना सुट्टी असते आणि हापूसही आलेला असतो.

झालं! दर वैशाखात कार्यालय घेऊन पंतांची पुण्यतिथी सुरू. आमरसाची पंगत. तिसऱ्या वर्षी एका वहिनींचा गुडघा पंतांच्या कृपेनं बरा झाला. चौथ्या वर्षी दादांनी पंतांचं मोठं रंगीत चित्र काढून घेतलं. दाढी, छाटी, मागे गंगा. नाक मात्र आमचंच : मध्ये उंचवटा आणि शेंडा डावीकडे वळलेला. (कुळवृत्तांतात या नाकावर अख्खं पान आहे. लिहिलंय मीच, पण ते खरं आहे.)

पाचव्या वर्षी मॉरिशसहून पत्र आलं, संपादकांच्या नावानं.

शाळामास्तरणीचं गोल, सुबक मराठी अक्षर. 'माझ्या पणजोबांचं नाव सखाराम. मुंबईला त्यांना ऊसमळेवाल्यांचा माणूस भेटला. जहाजाचं भाडं मळेवाला भरणार आणि त्याबदली पाच वर्षं मळ्यात राबायचं, असा करार झाला. पाच वर्षांनी परतायचं होतं, पण तोवर लग्न झालं, मग मुलं. नऊ झाली. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांकडून आपल्या पुस्तकाविषयी कळलं. त्यात आमची एक ओळ घालाल का? इथे लोक विचारतात, तुमचं तिकडे कोण आहे?'

खाली गावाचं नाव, थोरल्या भावाचं नाव, कुलदैवत. सगळं तंतोतंत! आमच्या ब्रह्मचारी संतांना नऊ मुलं!

पत्र कमलला, माझ्या बायकोला, दाखवलं. तिनं दोनदा वाचलं.

"अहो, किती आनंदाची गोष्ट! आजच दादांना सांगून टाका."

"आणि ती गंगा? वहिनींचा गुडघा?"

"गुडघा राहील बरा. तुमची चूक झाकायला त्या बाईला परकं करणार का?"

"परकं कुठं करतोय? फक्त पुरावा मागतोय."

ते उत्तर मला अजून पाठ आहे. 'सदर गृहस्थ काशीस समाधिस्थ झाल्याचे आमच्या ग्रंथात नमूद आहे. सबब आपले पूर्वज अन्य कोणी असावेत. नाते सिद्ध करणारा सबळ पुरावा पाठवावा.' (ग्रंथात नमूद होतं, यात खोटं काय? मीच नमूद केलं होतं!)

बाईंनी पुरावा पाठवला नाही. पुढच्या वैशाख शुद्ध दशमीला त्या स्वतःच आल्या.

पंगत बसलेली. मी आमरस वाढतोय. दारात एक सडसडीत बाई, हातात कापडी पिशवी.

"नमस्कार. मी शांता, मॉरिशसची. आपली माणसं बघायला आले."

भिंतीवर हार घातलेले पंत, खाली उभी त्यांची पणती, आणि दोघांचं नाक एकच! माझ्या हातातली वाटी कलंडून एका मेव्हण्यांच्या धोतरावर रिकामी झाली.

"कोण रे या?" दादांनी विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

"कार्यालय चुकल्यात बहुतेक," मी म्हणालो. "आल्यात तर जेवून जाऊ देत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पत्राखालची सही याचीच, हे त्यांनी ओळखलं असावं. "हो," त्या हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं." आणि पानावर बसल्या.

दादा अतिथीधर्माला जागले. शेजारी बसून त्यांनी बाईंना पंतांचं सगळं चरित्र ऐकवलं.

"फार मोठे होते म्हणायचे," बाई म्हणाल्या.

"मोठे? अहो, आजन्म ब्रह्मचारी!"

बाईंना ठसका लागला. कमलनं पाणी दिलं आणि ठसका थांबल्यावरही बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जाताना बाईंनी चित्राला वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून एक पुडी काढून पुढे ठेवली. "आमच्या मळ्यातली साखर आहे." दादांनी ती प्रसाद म्हणून पंगतभर वाटली. माझ्या वाट्याची चिमूट मला गिळवेना.

घरी येताना रिक्षात कमल एकच वाक्य बोलली, "रकाने छान भरता हो तुम्ही." त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दादा गेले, पुण्यतिथी बंद पडली. पंतांचं चित्र कुणाच्या माळ्यावर आहे, ठाऊक नाही. चार वर्षांपूर्वी कमल गेली. मी वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो. मुलगा कॅनडात. रविवारी फोन करतो, "बाबा, सगळं ठीक ना?" मी म्हणतो, "उत्तम!" (रकाना रिकामा ठेवायचा नाही.)

यंदा वैशाखात एका माणसापुरता आमरस काढला. दोन आंब्यांचा. समोर पाट नाही, पंगत नाही. एक घास खाल्ला आणि वाटी बाजूला सारून सगळं खरं खरं लिहून काढलं. वर 'शुद्धिपत्र' असं शीर्षक घातलं आणि मॉरिशसच्या त्या जुन्या पत्त्यावर पाठवून दिलं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. शांताबाईंच्या मुलाचं.

'आई पूर्वीच गेली. तिनं आमच्या घराण्याचं पुस्तक केलं आहे. पुण्याच्या शाखेपुढे तिनं लिहिलंय, "तिकडे आपलं कोणी नाही." ते बदलायला आमची हरकत नाही. मात्र नाते सिद्ध करणारा सबळ पुरावा पाठवावा.'

माझंच वाक्य! माझं पत्र चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं त्यांनी.

आता पुरावा कुठून आणू? कुळवृत्तांत दाखवायची सोय नाही, त्यात पंत काशीला आहेत. उरलं फक्त नाक. ते बाजूनं टिपायला हवं. तीन दिवस स्वतःच मोबाईल धरून फोटो काढतोय. आजवर माझे दोन्ही कान, छताचा पंखा आणि एकदा नुसता अंगठा आलाय. त्याला घरात दुसरं माणूस लागतं.

शेजारच्यांची बेल वाजवावी म्हणतो. पण ते विचारणार, "आजोबा, तुमचं कोणी नाही का हो?" आणि या वेळी तरी मला खरं सांगावं लागेल :

"आहेत ना! मॉरिशसला. फक्त त्यांना अजून पटायचंय!"